लेले साहेबांच्या गाडीची मागची चाकं

नानांच्या घरी जेवायला बसलं की भिंतीपलीकडची पिठाची गिरणी ताटात यायची. आवाज तर यायचाच, पण भिंत एवढी हलायची की वाटीतलं कालवण थरथरायचं, आणि गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला की आपण सगळे उगाच ओरडून बोलत होतो हे एकदम लक्षात यायचं. बिबवेवाडीत तेव्हा गाव अजून पुरतं मेलं नव्हतं. नानांची जमीन सोसायट्यांखाली गेली होती. उरल्या होत्या दोन खोल्या, पुढं पत्र्याची शेड आणि शेडपुढं बैलगाडी वळेल एवढं अंगण. त्या शेडमध्ये नाना मोटारींची चाकं सरळ करायचे. इंजिनाला हात लावायचे नाहीत, रंगाला नाही, दिव्यांना नाही. गाडी एका अंगाला ओढते का, टायर एका बाजूनं झिजतो का, एवढंच बघायचे. पण ते असं बघायचे की मुंबईहून टॅक्सीवाले त्यांच्याकडं यायचे.

मी वाशीमकडचा. सातवी झाली, बाप गेला, थोडी वर्षं इकडंतिकडं गेली आणि एक दिवस स्वारगेटला एसटीतून उतरलो. नानांनी कामाला ठेवलं आणि शेडमध्ये झोपायला बाज दिली. दोन्ही वेळेला त्यांच्या घरी जेवायचं. माई, म्हणजे त्यांची बायको, बाजरीची भाकरी करायच्या, आणि खर्डा असा की माझ्यासारख्या वऱ्हाड्याच्याही डोळ्यांतून पाणी निघावं. मी एकदा "काऊन एवढं तिखट करता?" असं विचारलं, तर त्यांची मुलगी कमल पदर तोंडाला लावून हसली. मग महिनाभर तिचं प्रत्येक वाक्यामागं "काऊन हो?" चाललं होतं. भाकरी वाढू, काऊन? पाणी देऊ, काऊन? मला राग यायचा आणि तो यावा असंही वाटायचं.

आता मी वाघोलीत मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो, नवव्या मजल्यावर. इथं भिंत हलत नाही. सून चांगली आहे, ताट झाकून ठेवते आणि कानात ते घालून कामाला बसते. कमलला जाऊन आठ महिने झाले. लिहायला मला कोणी सांगितलेलं नाही. चुका असतील, असू देत.

नानांचं काम दोऱ्यावर चालायचं. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यावर येईल असा दोरा मागपासून पुढपर्यंत ताणायचा, दोन्ही टोकांना लोखंडी घोड्या ठेवायच्या आणि दोऱ्यापासून चाकाच्या कडेपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजायचं. पुढची दोन चाकं अगदी नाकासमोर ठेवायची नसतात. पुढच्या बाजूनं जराशी आत घ्यायची, जुन्या रुपयाच्या जाडीएवढी, म्हणजे गाडी पळायला लागली की ती आपसूक सरळ होतात. दोरा धरणारा माणूस हलला की सगळं गेलं. मी यायच्या आधी तो दोरा कमल धरायची. लहानपणापासून तिचंच काम होतं ते. ती मोठी झाली तसं नानांनी बंद केलं. "बघायला येनारे पोरीचे हात बघत्यात," म्हणायचे. म्हणून मग मी. तिच्या जागेवर मी बसलो होतो, हे मला तेव्हा कधी सुचलं नाही.

तिला स्थळं येत होती. नानांना जावई कंपनीतला हवा होता, पगारी, चिंचवडकडचा असला तर उत्तम. मी जातीनं त्यांच्यातलाच निघालो होतो, तेवढी एक अडचण नव्हती. बाकी सगळ्या होत्या. घर नाही, पाठीमागं माणूस नाही, शिक्षण नाही. एकदा शेडमधून ऐकलं, माई माझं नाव काढत होत्या आणि नाना म्हणत होते, "शेषा पोरगं गुणी हाय गं. पन सांगंल तेवढंच करतंय. त्याला सोताचं डोकं न्हाई." मी बाजेवर पडून पत्र्याकडं बघत होतो. मला कमल पाहिजे होती, आणि ती मिळायची तर नानांना माझ्या खांद्यावर डोकं दिसायला पाहिजे होतं. ते कुठून आणायचं, हे मला माहीत नव्हतं.

त्या दिवसांत लेले साहेब ती लाल गाडी घेऊन आले. दोन माणसांची, कापडी छपराची, तारांच्या चाकांची, आणि जमिनीला इतकी चिकटलेली की तिच्यात बसावं लागायचं नाही, आडवंच व्हावं लागायचं. विलायती. त्यांच्या थोरल्या भावानं कधीकाळी हौसेनं घेतलेली. भाऊ वारले, गाडी एरंडवण्यातल्या बंगल्याच्या मागं ताडपत्रीखाली पडून होती. लेले साहेब अमेरिकेहून परत आले होते, इथं सॉफ्टवेअरची कंपनी काढायला. सॉफ्टवेअर म्हणजे काय हे त्यांनी नानांना पाऊण तास समजावलं. शेवटी नाना म्हणाले, "म्हंजी दिसत न्हाई, पन बिल येतं." साहेब म्हणाले, "नाना, आपण आमच्या कंपनीत या. एवढं स्पष्ट आमच्याकडे कोणालाच सांगता येत नाही."

त्यांची इच्छा साधी होती. विधवा वहिनींना त्या गाडीत बसवून एकदा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत न्यायचं. पण गाडी सरळ चालत नव्हती. वेग धरला की शेपूट हलवायची, ब्रेक मारला की एका अंगाला जायची, आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं धरावं लागायचं. वहिनींना तिच्यात बसवायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

नानांनी नेहमीसारखं केलं. गाडी आली की आधी जॅक लावायचा, चारी चाकं एकेक करून उचलायची, हलवून बघायची, कुठं खेळ, म्हणजे सैलपणा, आहे का. ही त्यांची शिस्त. मग गाडी खाली घ्यायची आणि दोरा ताणायचा. मागची चाकं धरून चालायचं आणि पुढची त्यांच्या हिशेबानं लावायची. "मागली देवानं बसवल्यात, पुढली आपन," असं ते सांगायचे. अँबेसेडर असो, फियाट असो, मागच्या चाकांना कधी कोणी हात लावलेला मी बघितला नव्हता. तर त्यांनी पुढची चाकं लावली, मार्केट यार्डापर्यंत गाडी नेऊन आणली, गाडी नाकासमोर. साहेब खूश. चार दिवसांनी परत हजर.

"नाना, स्वारगेटपर्यंत सरळ होती हो. पुढचं पुणं वाकडं आहे का?"

पुन्हा जॅक, पुन्हा दोरा. पुन्हा सरळ. पुन्हा चार दिवसांनी वाकडी. मधल्या काळात स्वारगेटच्या रस्त्यावर एका टायरवाल्यानं कॉम्प्युटरचं अलाइनमेंट मशीन आणलं होतं, काचेच्या खोलीत, पंख्याखाली. साहेब तिकडंही जाऊन आले. त्या मशीननं पुढची दोन चाकं बघितली आणि सगळं बरोबर असल्याचा कागद दिला. कागद खिशात आणि गाडी वाकडी, असे साहेब आमच्या अंगणात उभे राहिले. नाना त्या दिवशी पोट धरून हसले. पण तिसऱ्यांदाही त्यांच्याच हातून तेच झालं, तेव्हा हसू गेलं.

नाना जेवेनासे झाले. भाकरी कुस्करायचे आणि तशीच ठेवायचे. रिक्षावाले दारावरून जाताना विचारायचे, "काय नाना, दोरा सैल पडला वाटतं?" कायमचे दोन-चार गाडीवाले काचेच्या खोलीकडं वळले. माई देवापुढं काहीतरी पुटपुटायच्या आणि गिरणी थांबली की घरात कोणी बोलत नसायचं. आता मला कळतं, नाना म्हातारे होत होते आणि ते त्यांना त्या एका गाडीनं सांगितलं. माणसाला असं काहीतरी सांगतंच. मला दवाखान्याच्या खुर्चीनं सांगितलं.

शेवटी साहेब म्हणाले, "सकाळी गाडी ठेवून जातो. दुपारी येईन. तोवर झालं तर झालं. नाहीतर मी मुंबईला पाठवतो, तिथे एकजण अशाच गाड्यांचं करतो. आपल्याला दोष नाही." दोष नाही म्हणाले, तिथंच नानांचा चेहरा पडला.

त्या सकाळी नाना कोथिंबीर आणायला मार्केट यार्डात गेले. कोथिंबीर आमच्या दारावर यायची. माईंनी पिशवी दिली. कमलनं नुकताच अंगणात सडा टाकला होता, जमीन ओली, गुळगुळीत. तेवढ्यात साहेब गाडी घेऊन आले, सड्यावरून सरळ शेडच्या तोंडाशी लावली, किल्ली माझ्या हातात दिली आणि रिक्षानं गेले. कमल बादली घेऊन तिथंच उभी. मला वाटलं आता सडा मोडला म्हणून ओरडणार. मी जॅक काढायला वळलो.

"अहो वऱ्हाडी, थांबा जरा. इकडं या."

"काय आहे? काम आहे मला."

"काम पळून जात नाही. हे बघा." ती खाली बसली आणि ओल्या मातीतल्या चाकांच्या रेघांवर बोट ठेवलं. "ही पुढच्या चाकाची, ही मागच्या. डाव्या बाजूला एकावर एक आहेत. आता उजवीकडं या. इथं मागची रेघ चार बोटं आत."

"या गाडीची मागची चाकं जवळजवळच असतात. पुढच्यापेक्षा आत."

"मग दोन्हीकडं दोन-दोन बोटं आत पाहिजेत ना? एकीकडं काही नाही आणि एकीकडं चार, असं कसं?"

मी वाकून बोटांनी मोजलं, चारच. 

"कुत्रं पळतं ना रस्त्यानं," ती म्हणाली, "तोंड समोर आणि मागचे पाय बाजूला, तशी चालते तुमची मोटार."

"मागची चाकं हलत नाहीत. नाना म्हणतात..."

"नाना गाडी आली की आधी जॅक लावतात. उचलून धरलं की कुणाचंही दुखणं हलकं होतं." ती उठली, पदर खोचला. "आज जॅक लावू नका. आधी तसेच खाली जा आणि मागचं बघा."

मी बॅटरी घेऊन पाठीवर सरकत गाडीखाली गेलो. ती इतकी खाली होती की नाक तळाला लागत होतं. मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा दोन कमानपाट्यांवर, म्हणजे पोलादी स्प्रिंगांवर, बसलेला असतो. पाट्याच्या मधोमध एक बोल्ट असतो, त्याचं डोकं दांड्याच्या भोकात बसतं, म्हणजे दांडा मागंपुढं सरकत नाही. डाव्या बाजूला त्या बोल्टचं डोकंच तुटलेलं होतं. भोक पाट्यापासून अंगठाभर मागं गेलं होतं, आणि दोघांच्या मधली पट्टी घासून घासून चांदीसारखी चकाकत होती. म्हणजे हे आजचं नव्हतं. कितीतरी वेळा ते सरकलं होतं आणि परत आलं होतं. मी बाहेर आलो, मागं जॅक लावला आणि दोन वेळा दांडा हलवला. टक् असा आवाज आला. परत खाली वाकून बघितलं, तर दांडा आपल्या जागेवर, जसा काही कधी हललाच नव्हता. तो टक् मी तिन्ही वेळेला ऐकला होता. मला वाटायचं जॅकचा आहे.

तर असं होतं. ब्रेक मारला की दांडा सरकायचा आणि गाडी तिरकी व्हायची. आम्ही उचलली की तो जागेवर यायचा, आणि मग आम्ही दोरा ताणायचो. नानांची शिस्त होती म्हणून दोष दिसत नव्हता. दुसरा एखादा आळशी मिस्त्री असता, तर त्याला पहिल्या दिवशी दिसला असता.

नाना कोथिंबिरीची पिशवी घेऊन आले तेव्हा मी पुन्हा गाडी थोडी पुढं घेऊन, जोरात ब्रेक मारून, दांडा सरकवून ठेवला होता. म्हटलं, डोळ्यांनी बघू देत. नाना त्या वयात, धोतर खोचून, गाडीखाली गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्यांचे फक्त पाय दिसत होते. मग बाहेर येऊन जमिनीवरच बसले. डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी मळक्या हातानं पुसलं आणि गालावर काळं लागलं.

"कुनाच्या ध्यानात आलं ह्ये?"

कमल उंबऱ्यात उभी होती. हातात तीच बादली, रिकामी. तिचं बोट अजून मातीनं भरलेलं होतं. मी तिच्याकडं बघितलं. हे मी नीट सांगतो, कारण यात मला सूट नको. मी आधी तिच्याकडं बघितलं आणि मग बोललो.

"माझ्या," म्हणालो.

"कमलच्या," एवढंच म्हणायचं होतं. नानांनी तिला मारलं नसतं. रागावलेही नसते कदाचित. कदाचित हसले असते. पण मला त्या घरात डोकं दाखवायचं होतं, आणि डोकं समोर आलं ते तिचं. कमल बादली घेऊन आत गेली. आतून माईंचा आवाज आला, "कोथिंबीर आनली का एवढ्या लांबून? दारावर आली होती की."

बोल्ट नवा करून घेतला, पाटे आवळले, मग दोरा ताणला. चार दिवस गेले, आठ गेले, गाडी परत आली नाही. मग एका रविवारी आली, पण चहाला. साहेबांच्या शेजारी त्यांच्या वहिनी बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घट्ट गुंडाळून, वाऱ्यानं डोळे लाल झालेले. त्या उतरल्या नाहीत. गाडीतच बसून राहिल्या आणि दाराच्या कडेवरून हात फिरवत होत्या. साहेब म्हणाले, "नाना, गाडी सरळ झाली. आता पुण्याचे रस्तेही बघा जमल्यास." नानांनी मला खांद्याला धरून पुढं केलं. "ह्यानं केलं, साहेब. मला बी दिसलं नव्हतं. पोरात डोकं हाय." साहेबांनी माझा हात हातात घेतला. त्या हातमिळवणीवरच पुढं दोन वर्षांनी मला काचेच्या खोलीतल्या मशीनवर नोकरी लागली. साहेबांचा त्या मालकाशी परिचय निघाला. नानांचा दोरा मग खुंटीवरच राहिला. तेही मीच केलं म्हणायचं.

त्याच रविवारी दुपारी जेवताना नानांनी विषय काढला. गिरणी बंद होती, आठवडी सुट्टी. माईंनी पिठलं केलं होतं. नाना नीट जेवत होते, दोन भाकऱ्या झाल्या होत्या. म्हणाले, "चिंचवडचं स्थळ आलंया, त्येला मी न्हाई म्हनून कळवतो. घरातच मानूस हाय. कंपनीतला नसंना का. डोकं असंल तर मानूस कुठंबी पोट भरतं." मग कमलकडं बघून, "काय गं, तुझं काय म्हननं?"

कमल मला भाकरी वाढत होती.

"तुम्ही म्हणता ना त्यांना गाडीतलं कळतं," ती म्हणाली, "मग माझं काय म्हणणं असणार?"

माई हसल्या, नाना हसले. मी पिठल्यात बघत राहिलो. ती रागानं बोलली, की तिनं मला वाचवलं, की थट्टा केली, काहीच कळेना. मग असंही वाटलं की तिनं ती रेघ नानांना न दाखवता मला दाखवली, ती काही उगाच नाही. नाना मार्केट यार्डातून तासाभरात येणारच होते. थांबली असती. कदाचित तिनं ते मला देऊनच टाकलं होतं, लग्न व्हावं म्हणून. मग मी चोर नाही. पण दिलेलं असतं तर मी बोललो तेव्हा ती हसली असती. ती हसली नव्हती. ती आत गेली होती.

लग्न झालं. संसार चांगला झाला, खोटं बोलत नाही. शेडमध्ये ती पुन्हा कधी आली नाही. लग्नानंतर नानांची ना नव्हती, मीच म्हणालो, बरं दिसत नाही. मशीनवर काम करताना, सोसायटीत, मुलाच्या लग्नात, कोणी गाड्यांचा विषय काढला की मी ती लाल गाडी सांगायचो. ओल्या अंगणातल्या रेघा, कुत्र्याची चाल, टक् आवाज, सगळं तिच्या शब्दांत सांगायचो आणि शेवटी "माझ्या ध्यानात आलं" म्हणायचो. पुष्कळदा ती तिथंच असायची. पाहुण्यांना चहा द्यायची, साखर विचारायची. एकदाही मधे बोलली नाही. मुलाला अजून वाटतं, बापाचं डोकं फार चालायचं.

शेवटच्या दिवसांत दवाखान्यात ती बरीचशी गुंगीत असायची. एका दुपारी जागी होती, शुद्धीत होती, मला ओळखत होती. माझं जेवण झालं का, ते तिनं विचारलं. आजूबाजूला कोणी नव्हतं, मुलगा औषधं आणायला खाली गेला होता. मी खुर्ची जवळ ओढली. म्हटलं, आता.

"कमल, ती लेले साहेबांची गाडी..."

तिनं माझ्याकडं बघितलं. 

"कुठली गाडी?" म्हणाली.

खरंच विसरली होती, की मला सांगू द्यायचं नव्हतं, की सांग म्हणत होती, ते मला दिसायला हवं होतं. तिला दिसलं असतं. मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"काही नाही," म्हणालो. "पड तू."